शाळेची परसबाग आणि हंगामी स्वयंपाक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परळच्या बाजूला असलेल्या आमच्या मराठी शाळेत पाचवी ते सातवीची मुलं आठवड्यातले दोन तास गच्चीवर भाजी लावतात आणि महिन्यातून एकदा जे काही हाती आलं असेल ते शिजवून खातात. पालकसभेत, फोनवर, कधी शाळा सुटताना फाटकाशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दुसऱ्या शाळांतले शिक्षकही विचारतात, म्हणून काही उत्तरं त्यांच्यासाठी लांबली आहेत. मी विज्ञान शिकवते. बागकाम मात्र मुलांबरोबरच शिकले, तेव्हा चुकाही खाली दिसतीलच.

हा बागकामाचा तास आहे की स्वयंपाकाचा?

दोन्ही. नुसती बाग केली की ती शोभेची होते, पाहुणे आले की दाखवायची. नुसता स्वयंपाक केला तर भाजी मंडईतून आणावी लागते आणि मुलांच्या लेखी ती फ्रिजमधूनच आलेली असते. बी पेरल्यापासून ते ताटात पडेपर्यंत मधले पन्नास-साठ दिवस वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहणं हाच आमचा खरा अभ्यास आहे. मुंबईतल्या मुलाला कुठल्याच गोष्टीसाठी इतके दिवस थांबायची सवय नसते. मोठ्यांनाही नसते म्हणा.

शाळेला अंगणच नाही. मग जमायचं कसं?

आम्हालाही नाही. गच्ची आहे. पण गच्चीवर सरसकट मातीचे वाफे घालू नका, हे आधी सांगते. भिजलेल्या मातीचा सहा इंचांचा थर दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा आहे. जुन्या इमारतीचं तर विचारूच नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नये. आम्ही भाजीवाल्यांकडचे जाळीचे जुने क्रेट घेतले, आतून शेडनेट लावलं आणि ते तुळयांच्या रेषेवर, कठड्याच्या कडेकडेने ठेवले. पहिल्या वर्षी बाराच क्रेट होते. सुरुवातीला बाराच ठेवा. शंभर क्रेटची बाग पहिल्या दिवाळीच्या सुट्टीतच वाळते.

गच्चीही नसेल तर व्हरांड्यात ट्रेमध्ये समुद्रमेथी लावा. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या वाळूत होणारी, मुळासकट इवल्याशा जुड्या बांधून विकतात ती. ट्रेमध्ये धुतलेली वाळू, वर भिजवलेले मेथीदाणे, दोन वेळा पाण्याचा शिडकावा. दहा-बारा दिवसांत चिमटीएवढ्या जुड्या निघतात. पहिली-दुसरीच्या मुलांना याहून मोठं काही नकोच.

माती कुठून आणता?

माती कमीत कमी. नर्सरीची लाल माती एक भाग, बाकी सगळं कुजलेलं: शेणखत, सुका पाला, शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली भाजीची देठं, शहाळेवाल्याकडच्या शेंड्या आणि रसवंतीतून आणलेलं उसाचं चिपाड. चिपाडावर भाजी पिकवण्याची पद्धत मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी बरीच वर्षं लोकांना शिकवली, तोच हा धागा. चिपाड हलकं असतं, पाणी धरतं आणि रसवाला ते फुकट देतो, वर "बाई, अजून न्या" म्हणतो. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घातला की वास येत नाही. वास आला तर समजावं, आपण पाल्याची कंजुषी केली.

सेंद्रिय म्हणजे नक्की काय? तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का?

नाही, आणि घेणारही नाही, कारण आम्ही काही विकत नाही. बाजारात सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर प्रमाणीकरण लागतं, पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं. मुलांना ते ओळखायला शिकवतो. आमच्या गच्चीवर त्याचा अर्थ एवढाच की रासायनिक खत नाही, विषारी फवारणी नाही, आणि जे घालतो ते मुलांच्या डोळ्यांसमोर घालतो.

एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, रुळांच्या कडेला पालक लावतात तो सेंद्रिय का? तिथे तर गटाराचंच पाणी असतं." यावर पूर्ण तास गेला. पाणी कुठलं, हवेत काय, माती आधी कशाने भरली होती, हे सगळं त्या एका प्रश्नातून आलं. खत नैसर्गिक आहे म्हणून भाजी चांगली असेलच असं नाही, हे मला स्वतःहून सांगावं लागलं नाही.

कोणत्या महिन्यात काय लावता आणि काय शिजवता?

आपली शाळा आणि आपला पाऊस दोन्ही जूनच्या मध्याला सुरू होतात, हे मुंबईच्या शिक्षकाचं नशीब. वह्यांना कव्हरं घालून होईपर्यंत भेंडी, चवळी, काकडी, शिराळी, लाल माठ पेरून झालेले असतात. अळूचे कंद मागच्या वर्षीचेच, कोंब फुटलेले. लाल माठ तीन-चार आठवड्यांत कापायला येतो, म्हणून तो पहिला शिजतो: लसूण, एक मिरची, वर खोबरं. भातात मिसळला की भात गुलाबी होतो आणि तेवढ्यावरच अर्धा वर्ग जिंकलेला असतो.

जुलैच्या धारेत कोथिंबीर आणि पालक लावायचा हट्ट करू नका. आम्ही पहिल्या वर्षी उत्साहात ब्रोकोली आणि लेट्यूसही आणलं होतं. चित्रात फार सुंदर दिसत होतं. आठ दिवसांत सगळ्याचा चिखल झाला.

श्रावण-भाद्रपदात वेल भरात येतात. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही ही त्या दिवसाची रीत, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं तेवढंच भाजीत. अळू, माठ, भेंडी, पडवळ, भोपळा, मक्याचं कणीस, सुरण. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून आम्ही ही भाजी सुट्टीनंतरच्या शनिवारी करतो. गच्चीवर जे आहे ते घालायचं, नाही ते वहीत 'नव्हतं' म्हणून लिहायचं. पूजेअर्चेचा भाग ज्याने त्याने घरी करावा. आम्हाला त्यातला "आज जे हाताशी आहे त्यातच भागवायचं" एवढाच नियम हवा असतो.

हस्ताचा पाऊस ओसरला की क्रेट रिकामे करून नवं खत भरायचं. भोंडल्याच्या खिरापतीसाठी काय ओळखायला द्यायचं यावर मुलींइतकेच मुलगेही आता डोकं लढवतात. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी आणि वाल. हीच मुंबईची भाजीची खरी सुगी, आणि ती नेमकी सहामाही आणि स्नेहसंमेलनाच्या मध्ये सापडते.

पौषात भोगीची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हरभरा, पावटा, वांगं, गाजर, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, तिळाचं कूट असं सगळं एका पातेल्यात आणि बाजूला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बाजरीचं पीठ घाटावरच्या एका मुलाची आजी मळायला येते. तिच्या हातावर भाकरी फिरते तेव्हा वर्गात जी शांतता असते, ती मला गणिताच्या तासाला कधी मिळालेली नाही.

वालाचं बिरडंही याच दिवसांत. कडवे वाल रात्री भिजवायचे, दुसऱ्या रात्री फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. अंगठा आणि तर्जनीत दाबलं की दाणा सुळकन उडतो. पहिली दहा मिनिटं मुलं ते एकमेकांवरच उडवतात. उडू द्यावेत. अकराव्या मिनिटाला कोणाला तरी कळतं की मोडाच्या टोकाकडून दाबलं तर दाणा न फुटता येतो, आणि मग चाळीसजण त्याच्याभोवती. बीजपत्र म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातल्या आकृतीआधी बोटांना कळलेलं असतं.

एप्रिलमध्ये नवीन काही लावत नाही. परीक्षा संपली की कैरी उकडून पन्हं, आणि निकालाआधीचा शेवटचा तास गोड.

पावसाळ्यात दादरला स्टेशनबाहेर रानभाज्या येतात. त्या शिकवता का?

हो, पण विकत आणून. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कर्टोली आम्ही पालघर-कर्जतकडून येणाऱ्या बायकांकडून घेतो आणि भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारतो. मुलं वहीत उतरवतात. पहिल्या पावसानंतर टाकळा शाळेच्या भिंतीलगतही उगवतो, त्याची पानं संध्याकाळी मिटतात हे मुलं टिपून ठेवतात, पण रस्त्याकडेचा टाकळा तोडून खायचा नाही. दिसायला सारखी असणारी दुसरी झाडं असतात, शिवाय धूर आणि कुत्रीही आलीच. रानभाजी ओळखणं हे एका पावसाळ्याचं काम नव्हे. शेवळं तर मी वर्गात करतच नाही. ती खाजरी, सोबत काकडाची फळं हवीत आणि करणारीचा हात मुरलेला हवा.

अळूने घसा खाजला तर?

खाजतो. आमचा खाजला आहे. दुसऱ्या वर्षी मी चिंच घालायची विसरले आणि गडबडीत कोवळी पानं जेमतेम शिजवली. पहिला घास घेतलेली सहा मुलं आणि मी, सगळे घसा धरून बसलो. गूळ चघळला, ताक प्यायलो, अर्ध्या तासात ओसरलं. पण संध्याकाळी फोन आले आणि ते यायलाच हवे होते. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. चिंचेचा किंवा कोकमाचा आंबटपणा आणि नीट शिजवणं, हे दोन्ही लागतं. आता चिंचेचा कोळ पातेल्यात पडलेला दोन मुलं पाहतात आणि वहीत सही करतात. चिरताना हाताला तेल. आणि मी ढवळून चव घेतल्याशिवाय कोणी खात नाही.

यात अभ्यास बुडत नाही का?

या प्रश्नाला मी नेहमी भेंडीची गोष्ट सांगते. सहावीच्या क्रेटमधून एका शनिवारी अकरा भेंड्या निघाल्या. वर्गात मुलं अडतीस. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, पुढच्या आठवड्यात करू. दुसरं म्हणालं, तोवर जून होतील. मग चकत्या करायचं ठरलं. मोजल्या, एकशे सतरा झाल्या. भागिले अडतीस. तीन-तीन आल्या आणि तीन उरल्या. उरलेल्यांतली एक शिपाईकाकांना, एक पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना, तिसरीवरून भांडण. तेवढ्यात एक मुलगी उठली: "बाई, मला तिन्ही टोकाच्या आल्यात, त्या छोट्या असतात." झालं. सगळ्या चकत्या पुन्हा ताटात, आता वजनावर वाटायचं. तराजू प्रयोगशाळेतून आला. सरासरी हा धडा पुढच्या महिन्यात होता, तो त्या दिवशी होऊन गेला. भेंडी निवली होती, तरी कोणी टाकली नाही.

बाकी सांगायचं तर उगवणक्षमता म्हणजे टक्केवारी: वीस मेथीदाणे ओल्या फडक्यात, किती फुटले ते मोजा. जास्वंदीचा अर्क लिंबाने लालसर आणि सोड्याने हिरवट होतो, हळद साबणाने लाल होते; आम्ल-आम्लारी झालं. भाषेचं तर फार गमतीचं. मी 'शिराळं' म्हणते, सातारचा मुलगा 'दोडका' म्हणतो. माझं घोसाळं खानदेशातल्या मुलीचं 'गिलकं' आहे. कर्टोलीला कोणी कंटोळी म्हणतं, कोणी काटवल. एका वेलीखाली सगळ्यांनी आपापल्या घरचं नाव लिहिलेली पाटी आम्ही लावतो. कोणतं बरोबर, हे मी सांगत नाही.

वरिष्ठांना कागद दाखवायचा असेल तर: केंद्राने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. दोन्ही छापून फायलीत ठेवा.

ही परदेशी कल्पना आहे ना?

कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ॲलिस वॉटर्स या उपाहारगृह चालवणाऱ्या बाईंनी १९९५ मध्ये एका सरकारी शाळेत बाग आणि स्वयंपाकघर जोडून दिलं, त्याची जगभर नक्कल झाली, हे खरं. पण वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीम मांडली गेली ती हाताच्या कामातून शिकण्याचीच होती. आणि मुंबईपासून लोकलने डहाणूपर्यंत गेलात तर जवळच कोसबाडची टेकडी आहे, जिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं. त्याआधी १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात केली. पानं, बिया, शिंपले, माती हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. आम्हाला बर्कली लांब पडतं, कोसबाड जवळ.

चाकू आणि गॅस मुलांच्या हातात देता?

गॅस नाही, इंडक्शन आहे आणि ते मोठ्यांच्या हातात. पाचवीला खुडणं, निवडणं, सोलणं, किसणं. सहावीपासून चाकू, एका टेबलाला चार मुलं आणि एक पालक. विळी मी ठेवत नाही, जरी माझा स्वतःचा हात विळीवरच चालतो. चाळीस मुलांत एक पाय अडखळला की संपलं. स्वयंपाक मुलगे आणि मुली दोघं करतात आणि भांडी तर आधी मुलगे घासतात. यावर एका आजोबांनी तक्रार केली होती. नातू आता घरी कुकर लावतो म्हणे.

आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही. आमच्याकडे मासे लागतात.

वर्गात जे शिजतं ते शाकाहारी, आणि एक वाटी नेहमी कांदा-लसूण न घातलेली. कंदमुळं न खाणाऱ्या घरचं मूल असेल तर सुरण-मुळ्याच्या दिवशी त्याच्यासाठी दुसरं असतं. मात्र डब्यात कोणी सुकट घातलेली अंबाडी आणली तर नाक मुरडायचं नाही, हा आमच्या गच्चीवरचा एकमेव कडक नियम आहे. कोळीवाड्यातल्या एका मुलीने सुकटीची भाजी सगळ्या वर्गाला तोंडी शिकवली, इतकी तपशीलवार, की वास आल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवणारं मूल बागेत कितीही चांगलं काम करत असलं तरी त्या दिवशी खाली बसतं.

शेंगदाण्याची, तिळाची ॲलर्जी असेल तर?

वर्षाच्या सुरुवातीचा फॉर्म भरा, आणि प्रत्यक्ष भेटून सांगा. फॉर्मवर विसंबू नका.

गच्चीवर पाणी साचून डास होणार नाहीत का?

प्रश्न अगदी बरोबर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आमच्याकडे क्रेटखाली ताटल्या नाहीतच. झारी, बादल्या, पिंप दर शनिवारी रिकामी करून आतून घासायची. नुसती उपडी करून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात. हे काम सातवीचं. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आले की मुलंच त्यांना गच्ची फिरवतात आणि बाटलीत पकडलेली अळी दाखवून "ही एडिसची का?" म्हणून विचारतात. ती अळी दुसऱ्याच इमारतीतली असते, हे आवर्जून सांगायला लावते मी.

किडे, उंदीर, कबुतरं?

माव्यावर आणि पिठ्या ढेकणावर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब, तेही संध्याकाळी. कबुतरांसाठी जाळी. उंदरांवर उपाय एकच: गच्चीवर शिजलेलं अन्न न्यायचं नाही. मोठ्या आफ्रिकी गोगलगायी पावसात भिंती चढून येतात आणि एका रात्रीत रोपं साफ करतात. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, त्यांच्यात माणसाला अपाय करणारे जंत असू शकतात. हातमोजे, चिमटा, मिठाच्या पाण्याची बादली. मुलांना मीठ टाकणं क्रूर वाटतं. वाटावंही. पण पालेभाजी का धुवायची, हे त्यानंतर पुन्हा सांगावं लागत नाही.

सुट्टीत पाणी कोण घालतं?

गणपतीत पाऊस घालतो. दिवाळीत पाळ्या असतात, शाळेजवळ राहणारी आठ घरं, वॉचमनकाकांकडे किल्ली. मे महिन्यात बाग बंद: क्रेटमध्ये चिपाडाचा जाड थर घालून ठेवून देतो. उन्हाळ्यात बाग हिरवी दिसली पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मी कटकट संपते.

आमचं मूल घरी भाजी खायला लागेल का?

कदाचित. स्वतः लावलेली भाजी बहुतेक मुलं निदान चाखतात, एवढं मी पाहिलं आहे. तीच भाजी मंगळवारी डब्यात दिली तर खातील याची हमी नाही. माझा स्वतःचा मुलगा पाच वर्षं या बागेत राबला आणि आजही कारलं बघून उठून जातो.

खर्च किती येतो आणि पालकांकडून काय हवं?

पैसे गोळा करत नाही. क्रेट जुने, चिपाड फुकट, शेण आरेच्या तबेल्यांतून टेम्पोच्या भाड्यात. हवेत ते हात, शनिवारी सकाळी साडेआठ ते अकरा. आणि गावाला गेलात तर बी आणा: वाल, पावटा, गावठी काकडी, लाल माठ, काहीही. प्लास्टिकच्या पिशवीत नको, मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते. कागदाच्या पुडीत, चिमूटभर राख घालून, वर गावाचं नाव आणि कोणाच्या परसातलं ते लिहून.